धाडस उपजत असतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार. मला कळलेले आक्षेप असे: प्रस्तरारोहणातल्या भीतीवरचा माझा लेख म्हणजे भित्र्यांची वकिली. धाडस उपजतच असतं, प्रश्नावल्यांनी ते सिद्ध झालंय. ताण ‘मध्यम’ ठेवला की कामगिरी उत्तम होते, एवढा साधा नियम असताना मी उगाच फाटे फोडले. आणि ज्याला भीती वाटते त्याने सरळ खेळ सोडावा.

आधी कबुली. ‘स्वभावाचा यात संबंध नाही’ हे माझं वाक्य चुकलं. संबंध आहे, आनुवंशिक वाटाही आहे. पण ज्या चाचणीच्या जोरावर तुम्ही बोलताय ती विचारते काय? मानसशास्त्रज्ञ झुकरमन यांच्या थराराची ओढ मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या १९७८ च्या आवृत्तीत ४० प्रश्न आहेत, दहा-दहांचे चार गट. त्यातल्या थरार-साहसाच्या गटात पॅराशूट घेऊन उडी मारायला आवडेल का, असली विचारणा असते. उडी मारणाऱ्याला तिथे जास्त गुण मिळाले, यात नवल ते काय? शिवाय थरार आवडणं वेगळं आणि भीती न वाटणं वेगळं. दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदतात.

‘मध्यम ताणा’चा नियम यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ च्या प्रयोगातला. तो उंदरांवर होता: विजेचा झटका किती जोराचा असला की उंदीर उजळ आणि काळोखी वाट लवकर ओळखायला शिकतो, एवढंच पाहिलं होतं. काम सोपं असताना जोराच्या झटक्यानेही शिकणं वेगाने झालं. तो आलेख पुढे क्रीडा मानसशास्त्रात उलट्या ‘यू’च्या रूपात (मध्यम ताणाला कामगिरी शिखरावर, कमी किंवा जास्त ताणाला घसरलेली) येऊन बसला. खेळाडूच्या बाबतीत धडधड आणि मनातली काळजी वेगळी मोजावी लागते. नुसती धडधड बरेचदा निरुपद्रवी असते. तिला ‘आता पडणार’ या विचाराची जोड मिळाली की गाडी घसरते.

ती घसरते कशी, ते भिंतीवर बघा. घाबरलेला आरोहक पकड गरजेपेक्षा घट्ट आवळतो, कोपर वाकवून लटकतो, हाताच्या पकडी चाचपत बसतो आणि पायांकडे बघतच नाही. मग कोपरापासून मनगटापर्यंतचा हात भरून येतो, बोटं उघडायला लागतात आणि ज्या पडण्याची भीती होती ते पडणं खरोखर होतं. अशा वेळी खालून ‘शांत हो’ ओरडणं म्हणजे त्याचं उरलंसुरलं लक्षही पायांवरून उडवणं. ‘डावा पाय वर’ म्हणा, ते उपयोगी पडतं.

भीतीवर सरळ उपाय म्हणजे पडण्याचा सराव, तोही जाणत्या प्रशिक्षकासमोर. किंचित बाहेर झुकलेली कृत्रिम भिंत घ्या. उभ्या भिंतीवर घोटे आपटतात. जमिनीपासून पुरेसं अंतर हवं, म्हणून चौथ्या-पाचव्या बोल्टच्या (दोर अडकवायला भिंतीत पक्क्या केलेल्या आधाराच्या) वरच सुरुवात. आधी बोल्ट छातीशी असताना सुटायचं, मग कमरेशी, मग गुडघ्याशी. दोर पायाच्या मागून जात नाही ना, हे दर वेळी तपासायचं. पडताना दोर धरायचा नाही, श्वास सोडायचा. प्रत्येक वेळी भीतीला ० ते १० गुण द्यायचे आणि ते उतरेपर्यंत पुढची पायरी नाही. एका दिवशी पाच-सहा वेळा पुरे.

बिघडतं ते बहुतेकदा खालच्या माणसामुळे. दोर ताणला जाताना बिलेअरने, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याने, हलकी उडी घेऊन झटका शोषायला हवा. तो घाबरून दोर आखडतो, वरचा भिंतीवर आदळतो आणि पडलं की लागतं, हाच धडा मनात पक्का होतो. वजनात फार तफावत असेल तर बिलेअर आधी बदला.

राहिला ‘खेळ सोडावा’ हा सल्ला. काही आठवडे हे करूनही आकडा आठाखाली येत नसेल, तर त्याने लीड (दोर स्वतः वर नेत, बोल्टांत अडकवत चढणं) सोडून टॉप-रोपवर (आधीच वरून लावलेल्या दोरावर) चढावं. तेही प्रस्तरारोहणच आहे.