ठोके खरे, बीपीचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत

काका (सत्तरी ओलांडली असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय), "चेहऱ्याचा व्हिडिओ काढून हृदय तपासणं ही शुद्ध हातचलाखी, असलं लिहून लोकांना डॉक्टरांपासून लांब नेऊ नका" ही, मोबाईलच्या कॅमेऱ्याने चेहऱ्यावरून ठोके आणि बीपी मोजणाऱ्या अ‍ॅपवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. अर्धी पटली.

हातचलाखी नाहीये हो ती. प्रत्येक ठोक्याला कातडीखाली रक्त किंचित वाढतं, रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगलाच शोषून घेतं, म्हणजे तेवढ्यापुरता चेहरा कणभर गडद होतो, आपल्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला सापडतो. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी खास लाइट न लावता साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर हे दाखवलं, २०१० ला अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी वेबकॅमवर.

आता घरचं सांगतो. इंदिरानगरला आमच्या खिडकीत सकाळच्या उन्हात बाबांना बसवलं, मी मनगटाला बोट लावून मिनिटभर मोजले तर ७६, अ‍ॅप म्हणालं ७८. खूश झालो. संध्याकाळी परत बसवलं तर थेट ११२! बाबा म्हणे, "मी काय पांडवलेणी चढून आलो का?" नाडी धरली तर ८० पण नाही. मग लक्षात आलं, जेवण झालेलं, तोंडात सुपारी, आणि जबडा एका लयीत चाललेला... अ‍ॅपने बहुतेक सुपारीच मोजली!! त्यात ट्यूबलाइटचा उजेड कमी, आणि आमच्या घराण्याचा रंग सावळा, कातडीतलं मेलॅनिनही प्रकाश खातं त्यामुळे मुळातला सिग्नल अजूनच बारीक होतो. गोऱ्या लोकांवर जमलं म्हणजे शेतात रापलेल्या माणसावर तसंच जमेल असं धरून चालता येत नाही, आणि हे माझ्या लेखात यायला हवं होतं, आलं नाही.

आणि बीपी. तिथे माझी चूकच, "ठोके आणि बीपी दोन्ही" असं मी एका दमात लिहून टाकलं. ठोके मोजणं म्हणजे रक्ताच्या लाटा मोजणं. बीपी म्हणजे रक्तवाहिनीतला दाब, तो रंगाच्या फरकावरून थेट दिसत नाही, लाटेच्या आकारावरून अंदाज बांधावा लागतो आणि तो अंदाजही आधी पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावा लागतो. त्यावर कुणी गोळी कमी-जास्त करू नये, छातीत दुखत असताना तर मोबाईलकडे बघतही बसू नये.

ते वाक्य आज लेखातून काढलंय. बाबांचं बीपी अजूनही पट्ट्यानेच, रविवारी सकाळी, मिसळ खायला बाहेर पडायच्या आधी.