कारखान्यावर गेलेले मायबाप आणि इंग्रजीतलं ‘ऑन’

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यात वर्गातले बाक रिकामे व्हायला लागतात. ऊसतोडीला घरंच्या घरं निघून जातात. आजीजवळ मागे राहिलेल्या आठवीतल्या एका मुलीने मागच्या हंगामात मला वही दाखवली. घरच्यांविषयी पाच इंग्रजी वाक्यं लिहायची होती, तिसऱ्यात ती अडली होती.

"सर, मायबाप कारखान्यावर गेलेत. ऑन द फॅक्टरी लिहू का?"

मी ‘ॲट द फॅक्टरी’ सांगितलं. तिने खोडून लिहिलं आणि विचारलं, "मग शेतावर?" तिथे मात्र ‘ऑन द फार्म’ बरोबर. आणि शेतात म्हणायचं असेल तर ‘इन द फील्ड’. ती काही बोलली नाही, वही मिटली. या भाषेचा काही नेम नाही, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

पोरांच्या मनात ही धास्ती आम्ही शिक्षकांनीच घातली आहे, असं मला आता पक्कं वाटतं. आम्ही फळ्यावर प्रिपोझिशनचा, म्हणजे नामाआधी येणाऱ्या इन-ऑनसारख्या शब्दांचा, तक्ता काढतो. इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, ॲट म्हणजे ला, फ्रॉम म्हणजे पासून. पोरं घोकतात, परीक्षेत गाळलेल्या जागा भरतात आणि चार वाक्यं स्वतःची बोलायची वेळ आली की तोच तक्ता त्यांना तोंडघशी पाडतो.

आपल्या मराठीतलं ‘वर’ तरी कुठे एका अर्थाचं आहे? मायबाप कारखान्यावर गेले म्हटल्यावर ते छपरावर चढले असं कोणी समजत नाही. पोरं शाळेत असतात, मास्तर मात्र शाळेवर असतात. "सर कोणत्या शाळेवर आहेत?" असंच विचारतात गावात. शिकणारा आणि तिथे कामाला असणारा, यांच्यातला फरक एका शेपटाने सांगितला. इंग्रजीही असा फरक करते, फक्त तिची खूण वेगळी. मुलगी शिकायला जाते तेव्हा ‘गोज टू स्कूल’. तिचा बाप हेडमास्तरांना भेटायला जातो तेव्हा ‘वेंट टू द स्कूल’. एक बारीकसा ‘द’, पण तो सांगतो की बाप त्या इमारतीपर्यंत गेला, शिकायला गेला नाही.

म्हणून मी म्हणतो की प्रिपोझिशन सुटं शिकवूच नये. ते नामासकट, ‘द’ असेल तर ‘द’सकट, एक घास म्हणून तोंडात बसलं पाहिजे. ‘ॲट नाइट’ हा एक शब्द. ‘इन द मॉर्निंग’ हा एक शब्द. ‘बाय बस’ एक, ‘ऑन द बस’ दुसरा. कार आणि रिक्षासाठी ‘इन’, बस-रेल्वे-विमानासाठी ‘ऑन’. ज्या वाहनात उठून चार पावलं चालता येतात तिथे बहुतेक ‘ऑन’ येतं, ही खूण पोरांना लगेच पटते. ‘गो होम’मध्ये मधे काहीच नाही, ‘टू’ घातलं की बिघडलं.

मराठी आपण अशीच शिकलो. सोमवारी, जानेवारीत, नऊ वाजता. बघा, इथे आपल्याकडेही तीन तऱ्हा आहेत, आणि इंग्रजीतही नेमक्या तीन: ऑन मंडे, इन जॅन्युअरी, ॲट नाइन. आपल्याकडचं तीन वर्षांचं लेकरूसुद्धा ‘सोमवारात’ म्हणत नाही. त्याला कोणी तक्ता दिला होता? त्याच्या कानावर ‘सोमवारी’ असा सगळा शब्दच पडला. आपल्या व्याकरणाने ‘वर’, ‘पासून’ यांसारख्या अव्ययांना नावच ‘शब्दयोगी’ दिलंय, शब्दाला जोडून येणारं. इंग्रजीत प्रिपोझिशन आधी येतं आणि सुटं लिहितात, म्हणून ते सुटंच असतं असा आपला समज होतो.

आणि आधी येण्याचंही मराठीला वावडं नाही. एसटीत ‘विनातिकीट’ म्हणतो तेव्हा विना आधी, तिकीट नंतर, हुबेहूब ‘विदाउट टिकेट’. ‘बिनमिठाची भाजी’, ‘यथाशक्ती’, ‘आमरण’. आमरण उपोषणाचे फलक तर आमची पोरं तहसीलसमोर वाचतच मोठी होतात. मरणापर्यंत यातला ‘पर्यंत’ त्या ‘आ’मध्ये आहे आणि तो नामाच्या आधी उभा आहे. ‘आमरण’सारखा अव्ययीभाव समास शिकवतो त्याच दिवशी इंग्रजीच्या तासाला ‘अंटिल डेथ’ का लिहू नये फळ्यावर?

आमचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथलं उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं तेच उर्दू माध्यमाचं. माझे आजोबा उर्दूतून शिकले. उर्दूतही में, पर, से नामाच्या मागूनच येतात, त्यामुळे त्यांना वाक्य उलटं करावं लागलं नाही. मला इंग्रजी पाचवीत भेटली. 2000 पासून ती पहिलीपासून आहे. वर्षं वाढली, तक्ता तोच राहिला.

खरी कसोटी लांबलचक नामाची. ‘परभणीच्या स्टँडवरच्या टपरीवरचा चहा.’ यात चहा शेवटी येतो, सगळी वरात त्याच्या पुढे. इंग्रजीत चहा आधी: ‘द टी फ्रॉम द स्टॉल ॲट द स्टँड इन परभणी’. वाक्य शेपटाकडून वाचत या, इंग्रजीचा क्रम आपोआप हाती लागतो. मी वर्गात हे पोरांना उभं करून खेळवतो. चहा, टपरी, स्टँड, परभणी अशी चौघं. मराठीला एका टोकाकडून बोलायचं, इंग्रजीला दुसऱ्या. एकदा खेळलं की विसरत नाहीत.

यात मराठीची एक ताकद आहे, तिच्याकडे आपलं लक्षच नाही. ‘टेबलावर’ आणि ‘टेबलावरचं’. पुस्तक टेबलावर ठेव, टेबलावरचं पुस्तक ठेव. त्या एका ‘चं’ने कळतं की टेबल ठेवण्याशी जोडलंय की पुस्तकाशी. इंग्रजीत दोन्हीकडे नुसतं ‘ऑन द टेबल’. ‘कॉल द बॉय विथ द फोन’ म्हणजे फोनने बोलव की फोनवाल्या पोराला बोलव, हे मागच्या-पुढच्या बोलण्यावरून ठरवावं लागतं. आपलं पोर हा ‘चं’ बरोबर लावत असेल तर नामाला काय जोडायचं आणि क्रियापदाला काय, हे त्याला मुळातच कळतंय.

‘डिस्कस अबाउट’ ही आपली हमखास चूक. विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘अबाउट’. क्रियापदाला ते नको, ‘डिस्कस द मॅटर’. पण त्याचंच नाम केलं की हवं, ‘अ डिस्कशन अबाउट द मॅटर’. ‘एंटर द रूम’, पण ‘एंट्री इंटू द रूम’. हे मला कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर किती वर्षं वाचली असती.

माझा पुतण्या तीन वर्षांपूर्वी पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेला. आधीच्या साहेबांविषयी विचारल्यावर तो ‘ही वॉज अँग्री ऑन मी’ म्हणाला. समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले, आणि एकाने विचारलं, "मराठवाड्यातले का?" तिथून पुढे त्याला बोलताच आलं नाही. चूक होती, ‘विथ’ हवं होतं. पण ‘माझ्यावर रागावले’ हे पुण्याचा माणूसही म्हणतो, नागपूरचाही. ती चूक मराठवाड्याची नव्हती, मराठीची होती आणि सरळ होती. तो पोरगा आजही फोनवर इंग्रजी बोलायचं टाळतो, हे मला सहन होत नाही.

म्हणून या वर्षी तक्ता पुसून टाकलाय आणि जोड्यांची वही सुरू केलीय. एका बाजूला जुळणाऱ्या: वेळेवर, ऑन टाइम. वेळेत, इन टाइम. रजेवर, ऑन लीव्ह. ड्युटीवर, ऑन ड्युटी. दौऱ्यावर, ऑन टूर. फोनवर, ऑन द फोन. दुसऱ्या बाजूला फसवणाऱ्या: माझ्यावर राग, अँग्री विथ मी. तिच्याशी लग्न, मॅरिड टु हर. कुत्र्याची भीती, अफ्रेड ऑफ डॉग्ज. गणितात हुशार, गुड ॲट मॅथ्स. दोन तासांपासून, फॉर टू अवर्स.

आतापर्यंत 140 जोड्या झाल्यात. त्यातल्या साठेक पोरांनी शोधल्या आहेत, आणि ‘शेतावर, ऑन द फार्म’ ही त्याच मुलीने पहिल्या पानावर लिहिलीय. तुमच्या बोलण्यात, तुमच्या वर्गात अशा जोड्या सापडल्या तर खाली लिहा. कोणत्या बाजूला घालायच्या तेही सांगा.