लेण्यात उन्हाळी महोत्सव कसा भरवावा

तुमच्या गावाच्या डोक्यावर डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार आहे का? मावळात राहत असाल तर असूही शकतो, भाजे, कार्ले, बेडसे ही नावाजलेली मंडळी सोडली तरी कुठल्या ना कुठल्या कड्यात दोन-चार खोल्या कोरलेल्या सापडतातच. असेल तर वाया घालवू नका. मे महिन्यात रानात काम नसतं, पुण्या-पिंपरीला गेलेली पोरं सुट्टीला आलेली असतात आणि वर्गणी मागायला याच्याइतका चांगला मुहूर्त नाही. आमच्या गावाने तीन वर्षं महोत्सव भरवलाय आणि मी कमिटीत होतो (अजून आहे, राजीनामा कोणी घेईना), त्यामुळे अनुभवाने सांगतो. गावाचं नाव तेवढं विचारू नका, मला तिथेच राहायचंय.

पहिलं म्हणजे अपराधी वाटून घेऊ नका. भिक्खू लेण्यात मुक्काम करायचे तो पावसाळ्यात, वर्षावासाला. बाकी वर्ष पायी फिरतीवर. म्हणजे मे महिन्यात घरमालक तेव्हाही बाहेरगावीच असायचे, आपण कोणाची झोपमोड करत नाही.

मग तो पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड. त्यावर १९५८ चा कायदा लिहिलेला असतो, नासधूस केली तर २ वर्षं कैद नाहीतर १ लाख दंड किंवा दोन्ही वगैरे, शिवाय १०० मीटरच्या आत बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागणार. घाबरू नका. मांडव म्हणजे बांधकाम थोडंच आहे, ते तर कापड! आणि बोर्डाला दोरी बांधायला दोन मस्त लोखंडी पाय असतात, त्यांचा उपयोग करा, बोर्डही झाकला जातो.

आता मुख्य विषय, फ्लेक्स. जुन्या लोकांना ही कला नीट जमली नव्हती. भाज्याला विण्हुदत नावाच्या महारठीने (तेव्हाचा बडा सरदार) पाण्याची पोढी, म्हणजे दगडातलं टाकं, खोदून दिली आणि त्यावर इवल्याशा अक्षरात नाव कोरलं. कार्ल्याला एका अत्तरवाल्याने दार दिलं, सुताराने आपल्या कामावर नाव घातलं, यवनांनी (म्हणजे तेव्हाच्या ग्रीकांनी) एकेक खांब दिला. वैजयंती नगरीचा भूतपाल शेठ तर सरळ लिहून गेलाय की हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह, म्हणजे मार्केटिंग त्यालाही कळत होतं. पण बिचाऱ्यांची अडचण बघा, नाव लावायचं तर आधी काहीतरी द्यावं लागायचं. तुम्हाला ती कटकट नाही. आमच्या फ्लेक्सवर ४३ चेहरे होते, त्यातल्या निम्म्यांनी वर्गणीही दिली नव्हती. मागे लेण्याचा फोटो हवा म्हणून डिझाइनवाल्याने नेटवरून वेरूळचं कैलास मंदिर उचललं. तीन दिवस ते कमानीवर होतं, एका शाळामास्तरांशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही. मास्तरांना आम्ही ताबडतोब पार्किंगला उभं केलं.

निवेदक पुण्याहून आणा, बाराशे रुपयांत येतो. लेण्यांबद्दल माहिती देण्याच्या फंदात पडू नका, ‘पांडवांनी एका रात्रीत कोरली’ एवढं पुरतं. खोलीतला भिक्खूचा दगडी ओटा म्हणजे भीमाचा पलंग. मी आपला एकदा त्यावर पडून बघितलं, माझेच पाय बाहेर येत होते, भीमाने कसं जमवलं असेल देव जाणे.

पाण्याची पोढी असेल तर चैन आहे. ऐन उन्हाळ्यात आत पाणी गारेगार, कोल्ड्रिंकचे क्रेट सोडायला फ्रीजच लागत नाही. आमच्याकडे वरच्या आळीतल्या मावशी सकाळी नेहमीप्रमाणे कळशी घेऊन आल्या, तर पाण्यावर पत्रावळ्या आणि एक चप्पल तरंगत होती. मावशी काही बोलल्या नाहीत, पदराने कडा पुसली, वाकून हाताने एकेक पत्रावळ बाजूला सारली आणि मधलं पाणी कळशीत घेतलं. मी म्हटलं, मावशी थांबा, टँकर मागवलाय. “माझी सासू हेच प्यायली बाबा,” म्हणाल्या आणि गेल्या. टँकर खरंच आला, स्टेजसमोर धूळ उडत होती त्यावर मारला.

उद्घाटन सहाचं ठेवा म्हणजे नऊला होतं. शाल-श्रीफळ भरपूर घ्या, सत्काराला माणसं कमी पडली तर सत्कार करणाऱ्यांचाच सत्कार करा, आम्ही केला. डीजेची तोंडं कड्याकडे करा, दगडावर आपटून आवाज डबल येतो, दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम सपाटीवरच्या लोकांसाठी असावा. आणि पाहुण्यांची गाडी दिसली रे दिसली की हजाराची माळ आणि आकाशातले शॉट, कमीत कमी पाच मिनिटं.

फक्त त्याआधी एकदा मान वर करून कडा बघून घ्या. आमचं ते राहून गेलं. तिथे आग्या मोहोळाची सात पोळी होती आणि धूर सरळ त्यांच्याकडेच गेला. पुढचं वर्णन करत नाही. निवेदक माइकसकट पायऱ्या उतरला, डीजेवाला मशीन सोडून पळाला, त्यामुळे गाणं चालूच. प्रमुख पाहुणे दिसेनात. मास्तरांनी टॉर्च घेऊन शोधलं तर ते विहारातल्या एका खोलीत, भीमाच्या पलंगावर, ४३ चेहऱ्यांचा फ्लेक्स अंगाभोवती गुंडाळून बसलेले, श्वासही जपून घेत. त्या खोलीत इतक्या शतकांनी कोणीतरी मौन पाळून बसलं होतं.

परवा कमिटीची मीटिंग झाली. पोढी साफ करायचा विषय मास्तरांनी काढला, तो वेळेअभावी पुढे ढकलला. मधमाश्यांवर मात्र सविस्तर चर्चा झाली आणि ठरलं की पुढच्या वर्षी मान्यवरांसाठी जाळीची ५० हेल्मेटं घ्यायची. देणगीदार पाहिजेत, हेल्मेटवर नाव टाकून देऊ. पुढच्या बाजूला हवं असेल तर रेट वेगळा.