‘मालकाची भाकरी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने लिहिणारे महोदय,

सप्रेम सलाम. परिचारिकेच्या कामातून मला लाभलेल्या समाधानाविषयी मी लिहिलेला लेख आपण शेवटपर्यंत वाचलात आणि त्यावर विस्ताराने लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात देते. मी आधारासाठी घेतलेले बायबलमधील कलस्सैकरांस पत्रातले वचन, म्हणजे जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे मुळात गुलामांना उद्देशून लिहिलेले आहे. रविवारची सुटी गिरणी कामगारांना चर्चने नव्हे, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली. आपापले काम देवाचे समजून करा हा उपदेश आणि स्वधर्माचा उपदेश यांत फरक नाही. देव न मानणाऱ्या परिचारिकाही उत्तम काम करतात. मी कामगार संघटनेत का नव्हते, असाही आपला प्रश्न आहे. आणि शेवटी हे वाक्य: “तुमच्यासारख्या बायकांनी सेवा सेवा म्हणत आयुष्यभर मालकाची भाकरी भाजली आणि वर येशूचे आभार मानले.”

लोखंडे यांच्याबद्दल आपण लिहिलेले मला पूर्णपणे मान्य आहे. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुटीची मागणी मान्य करून घेतली. ते सत्यशोधक होते, मिशनरी नव्हते. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आज्ञेत दासदासींनाही विश्रांती सांगितलेली असली, तरी मुंबईच्या गिरण्यांना ती आज्ञा ऐकवायला लोखंडेच लागले. हा मुद्दा आपल्या पदरात टाकून मी पुढे जाते.

पुढे म्हणजे त्या शेवटच्या वाक्याकडे. प्रतिक्रियेतली बाकी सगळी वाक्ये मी एकदा वाचून बाजूला ठेवू शकले, पण हे ठेवता आले नाही. ‘तुमच्यासारख्या बायका’ म्हणजे नेमक्या कोण? आपण मला ओळखत नाही. माझ्याबरोबर ज्यांनी रात्रपाळ्या केल्या त्यांनाही ओळखत नाही. तरीही, आम्हाला फसवले गेले आणि फसवणूक कळण्याइतकी अक्कल आम्हाला नव्हती, असा निर्वाळा आपण एका ओळीत देऊन टाकलात. एखाद्या डॉक्टरने आपल्या कामात देवाचा हात दिसतो असे लिहिले असते, तर त्याला ‘तुमच्यासारखे पुरुष’ म्हणण्याचे धाडस आपण केले असते का, हे आपणच ठरवावे. कामगारांच्या बाजूने बोलण्याचा दावा करणारी माणसे कामगार बाईशी अशा सुरात बोलतात याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही, कारण हा सूर मी पूर्वीही ऐकला आहे आणि तोही नेहमी खुर्चीतूनच.

आता माझ्याविषयी. माझी आजी नगर जिल्ह्यातील एका गावाच्या वेशीबाहेर राहत असे. मेलेले जनावर ओढून नेणे, सांगावे पोचवणे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे ही आमच्या घराण्याची वतनाची कामे होती आणि त्याबदल्यात शिळी भाकरी मिळत असे. कोणाची भाकरी कोणी भाजली, याचे धडे आमच्या घराला बाहेरून देण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वतनांविरुद्ध १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले आणि ती वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. अशा घरातील मुलगी मी. मिशन रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयात जीएनएमच्या, म्हणजे परिचर्या व प्रसूतिविद्येच्या पदविकेच्या, शिक्षणाला गेले, तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्या हातात बेडपॅन आले, आणि खरे सांगते, पोटात गोळा आला. ज्या घाणीतून बाहेर पडण्यासाठी वडिलांनी मला शिकवले, तीच पुन्हा माझ्या वाट्याला आली असे मला वाटले.

माझ्याच शेजारी, मला देशमुख घराण्यातली म्हणून माहीत असलेली एक मुलगी आणि केरळहून आलेली दुसरी एक मुलगी तेच बेडपॅन घासत होत्या. आमच्या ट्यूटर बाईंनी योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचला. त्यात प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, म्हणजे त्या काळी गुलामाकडे असलेले काम स्वतः होऊन करतो. घाणीला हात लावणे हे ज्या समाजात काही जातींच्या कपाळी लिहिले होते, त्या समाजातील मुलीला हा अध्याय काय सांगतो, हे आपल्याला कदाचित कळणार नाही. काम तेच राहिले, त्यावरचा जन्माचा शिक्का मात्र माझ्यापुरता पुसला गेला. स्वधर्माशी केलेल्या तुलनेचे उत्तरही यातच आहे. आजीला तिचे काम सोडता येत नव्हते. मी माझे काम निवडले होते आणि सोडूही शकत होते. येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांना लिहिताना गुलामाला, स्वतंत्र होता येत असेल तर अवश्य हो, असे सांगितले आहे. वतनाच्या कामाला बांधलेल्यांना स्वधर्माच्या उपदेशात असे कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

समाधान कशाचे, हा आपला उपरोधिक प्रश्न होता. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, पाठ पुसावी लागते, टाचा आणि माकडहाडापाशी कातडी लाल झाली आहे का ते पाहावे लागते. हे नीट केले तर काय होते? काहीच होत नाही. जखम होत नाही, आणि न झालेली जखम कोणाला दिसत नाही. डॉक्टर राउंडला येतात, फाइल पाहतात, पुढे जातात; नातेवाईक ऑपरेशन करणाऱ्याच्या पाया पडतात. पहाटे तीन वाजता वॉर्डात सगळे झोपलेले असताना दोन तासांची कूस चार तासांवर नेली तर सुपरवायझरलाही कळत नाही, चार्टवर सही करायला कितीसा वेळ लागतो! अशा कामाला साक्षीदार नसतो. मला तो होता. मी ज्याच्यासमोर ते करत होते त्याला चार्ट दाखवावा लागत नव्हता. आपण याला भ्रम म्हणा; पण त्या भ्रमाचा लाभ मालकाच्या आधी त्या म्हाताऱ्या रुग्णाच्या पाठीला झाला, एवढे तरी मान्य करायला हरकत नसावी. आपण कधी कोणाची रात्रभर कूस बदलली आहे काय? नसेल, तर थोडे जपून लिहीत जा.

ते वचन गुलामांना उद्देशून होते, हे खरेच आहे आणि ते कोणी लपवलेले नाही. त्याच्या आधीच्याच ओळीत ते स्पष्ट आहे. पण तुम्ही तिथेच थांबलात. पुढचा अध्याय धन्यांना बजावतो की, दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, कारण स्वर्गात तुमच्यावरही धनी आहे. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे लिहिले आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांविषयी परिपत्रक काढले आणि त्यात न्याय्य मजुरीचा व संघटना करण्याचा हक्क मांडला. स्वतः पौल राहुट्या तयार करून पोट भरत असे. देवाचे पाचारण मानणारा माणूस मुकाट होतो, हा आपला सिद्धान्त असेल तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे काय करायचे? १८३७ मध्ये देवाने आपल्याला बोलावले असे मानणाऱ्या या बाईने क्रिमियाच्या युद्धानंतर मृत्यूंच्या आकडेवारीच्या आकृत्या काढून ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना सळो की पळो करून सोडले. आपल्याकडे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, केडगावला, समाजाने टाकून दिलेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या आणि रमाबाईंनी भाषांतर केलेले मराठी बायबल तिथेच छापले गेले. त्या कोणाची भाकरी भाजत होत्या?

आणि मीही मुकाट नव्हते. ज्या खासगी रुग्णालयात मी निवृत्त होईपर्यंत काम केले, तिथे एकदा कंत्राटी मुलींचा पगार अडकवून ठेवला गेला. त्या अर्जावर पहिली सही माझी होती. पगार निघाला, आणि पुढे बराच काळ माझ्या वाट्याला सलग रात्रपाळ्या आल्या. याकोबाचे ते वचन मला त्या अर्जाच्या वेळी पाठ होते. आमच्या पगाराविषयी आपण दाखवलेली कळकळ खरी असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये पगार असावा अशी शिफारस केली होती. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या नर्सिंग होममध्ये जाऊन, इथे किती देतात, हे आपण विचारून यावे. माझ्या श्रद्धेची झडती घेण्यापेक्षा ते उपयोगाचे ठरेल.

संघटनेच्या प्रश्नाबद्दल एवढेच सांगते की, माझी कारणे घरची होती आणि ती इथे मांडण्याची मला आवश्यकता वाटत नाही. देव न मानणाऱ्या परिचारिका उत्तम काम करतात, हे मला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण त्यांपैकी दोघींकडून मी शीर सापडत नसलेल्या लहान मुलाला सलाइन लावायला शिकले. त्यांना बळ कशातून मिळत होते ते त्यांनी लिहावे. मी माझे लिहिले आहे. लेख लांबला, ही आपली तक्रारही योग्य असेल, जरी तीन पानी प्रतिक्रियेत ती वाचताना हसू आले.

आपल्याला पुन्हा लिहायचे असल्यास अवश्य लिहावे. कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचून लिहिलेत तर उत्तर देईन. ‘तुमच्यासारख्या बायका’ हे शब्द पुन्हा आले, तर देणार नाही.