दहावीनंतरच्या वर्षांचा सरकारी हिशेबच नाही

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या ऑफिससमोर आई-बापांची गर्दी होते. दाखला पाहिजे, गुणपत्रिका पाहिजे, बोनाफाईड पाहिजे. मी दक्षिण नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत लिपिक आहे, हे कागद माझ्याच हातून जातात. दाखल्यावर एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. त्यात ‘दहावी उत्तीर्ण’ एवढं लिहून आपण मोकळे होतो. ते पोरगं पुढे कुठे गेलं, हे ना शाळा विचारते, ना सरकार.

यंदा कळमन्यात हमाली करणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. पोराला एकाहत्तर टक्के. दाखला हातात घेतला आणि तिथेच विचारलं, “मॅडम, याले अकरावीत टाकू का कामावर लावू, तुम्हीच सांगा न.” पोरगा बाजूला मान खाली घालून उभा. मोबाईलच्या दुकानात त्याला सहा-सात हजार मिळत होते, मालकाशी बोलणंही झालं होतं. इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करायचं त्याच्या मनात होतं. लोक अशा बापाला अडाणी म्हणतात, मला ते मुळीच पटत नाही. तो माणूस घरातला हिशेब करत होता आणि त्याचा हिशेब बरोबर होता. पोरगा शिकला तर ते सहा-सात हजार येणार नाहीत, वर जाण्यायेण्याचा, कपड्यांचा, बुटांचा, ड्रॉइंगच्या सामानाचा खर्च वेगळाच. या दोन्हींच्या मधे सरकार कुठे उभं आहे, हा माझा प्रश्न आहे.

आधी काय काय मिळत होतं ते आठवून बघा. आठवीपर्यंत दुपारचं जेवण शाळेत. पुस्तकं मोफत. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू झाला, पण तो सहा ते चौदा वयाचाच. या कायद्याने गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांतून खासगी शाळेत गेलेल्या मुलाची फी आठवीपर्यंत माफ, आणि नववीच्या जूनमध्ये त्याच शाळेची फीची पावती घरी येते. म्हणजे मूल लहान, खर्च कमी, तेव्हा हात धरलेला असतो. मूल वाढतं, भूक वाढते, खर्च तिप्पट होतो आणि नेमका तेव्हाच तो हात सुटतो.

मग अठरा पूर्ण झाल्यावर सरकारला पुन्हा आठवण येते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिन्याला ६००० रुपये विद्यावेतन ठेवलं, पण वयाची अट १८ ते ३५. लाडकी बहीण योजना २१ वर्षांपासून. व्यावसायिक पदवीला मुलींची फी माफ केली, २०२४-२५ पासून, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. चांगला निर्णय आहे, मी मनापासून म्हणते. पण त्या पदवीपर्यंत पोहोचायला आधी अकरावी-बारावी पार करावी लागते, आणि आमच्या वस्तीतल्या मुली गळतात त्या तिथेच.

मधे काहीच नाही असं नाही, ते म्हणणं खोटं होईल. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षणशुल्क माफ आहे, ते जुनंच. आठवीत परीक्षा देऊन एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती मिळाली तर बारावीपर्यंत वर्षाला १२,००० येतात, पण ती परीक्षेत वर आलेल्या थोड्या मुलांनाच. अनुसूचित जातीच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्यात अकरावी-बारावीला घरून ये-जा करणाऱ्या मुलाचा निर्वाह भत्ता किती, तर वर्षाला २५०० रुपये. महिन्याला दोनशेच्या घरात. आयटीआयच्या मुलांना तर वर्षानुवर्षं महिन्याला ४० रुपये मिळायचे, २०२३ मध्ये ते ५०० झाले. अनुसूचित जातीच्या मुलांसाठीच्या स्वाधार योजनेत नागपुरासाठी वर्षाला ६०,००० आहेत, पण ते बाहेरगावाहून येऊन इथे शिकणाऱ्याला. भिवापूरच्या, काटोलच्या पोराला ते मिळायलाच पाहिजेत. मानेवाड्यात किंवा दिघोरीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच जणांत बसून अभ्यास करणारा मात्र घरचा धरला जातो.

यातली कुठलीही मदत घरासाठी नाही, हे माझं खरं म्हणणं. सगळी मदत अभ्यासक्रमाला बांधलेली, जातीच्या दाखल्याला बांधलेली, अर्जाला बांधलेली. प्रवेश जून-जुलैत, पैसे कधी येतील ते पोर्टललाच ठाऊक. माझ्या ओळखीच्या एका मुलीची अकरावीची रक्कम ती बारावीच्या परीक्षेला बसली तेव्हा जमा झाली. तोवर आईने दोन घरच्या पोळ्या वाढवून घेतल्या होत्या. पोरगी क्लासला सायकलने जायची, कारण सिटीबसच्या पासचे पैसे त्या महिन्यात किराण्यात गेले होते.

लेक लाडकी योजनेबद्दल लोक मला नेहमी विचारतात. अकरावीत गेल्यावर ८००० मिळतात न मॅडम? मिळतात, पण ज्या मुली १ एप्रिल २०२३ नंतर जन्मल्या त्यांना, आणि तेही पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर. त्यातली पहिली मुलगी अकरावीत जाईल तेव्हा २०३९ उजाडलेलं असेल. आज जी सोळाची आहे तिचं काय? आणि मुलगा असेल तर त्याच्यासाठी हाही दरवाजा नाही.

माझी मावसबहीण इंग्लंडात असते. तिच्याकडून तिथला चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मूल वाढवणाऱ्या घराला सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याचा, प्रकार नीट समजून घेतला. तिथे तो पैसा मुलाच्या शाळेला किंवा कॉलेजला जात नाही, आईच्या किंवा बापाच्या खात्यावर येतो. २०२५-२६ मध्ये पहिल्या मुलासाठी आठवड्याला सव्वीस पौंड पाच पेन्स. मूल सोळाचं होईपर्यंत तो चालूच असतो. सोळानंतर मूल मान्यताप्राप्त शिक्षणात किंवा प्रशिक्षणात असेल तर विसाव्या वाढदिवसापर्यंत चालू राहू शकतो. त्यासाठी आई-बापाला कर खात्याला कळवावं लागतं, की आमचं मूल पुढे शिकतंय. नाही कळवलं तर सोळावं संपल्यानंतरच्या ३१ ऑगस्टला तो थांबतो. ही अट मला आवडत नाही, ज्यांना कागद कळत नाहीत त्यांचंच त्यात नुकसान. पण त्यामागचा विचार बघा. पोर शिकतंय तोवर त्याला पोसणारं घर मदतीला पात्र आहे. जर्मनीत असाच मुलांचा भत्ता, किंडरगेल्ड, अठरापर्यंत, शिकत असेल तर पंचविसाव्या वर्षापर्यंत, २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो.

इंग्लंडात याची सुरुवात १९४५ च्या कायद्याने झाली. पैसे बापाच्या हातात द्यायचे असं मूळ विधेयकात होतं. एलिनॉर रॅथबोन या खासदार बाई त्यासाठी भांडल्या आणि ते आईच्या हातात जातील असं करून घेतलं. आपल्याकडे कोणी म्हणालं की पैसे दारूत जातील, तर मला त्या आठवतात. पैसे आईच्या खात्यावर टाका, प्रश्न मिटला.

आणि खात्यावर पैसे टाकायची व्यवस्था आपल्याकडे आता तयार आहे. लाडकी बहीणमध्ये महिन्याला १५०० थेट बाईच्या आधार जोडलेल्या खात्यात जातात. शाळेतल्या प्रत्येक मुलाची नोंद आम्ही यू-डायस या सरकारी पोर्टलवर करतो, ते काम माझ्याच टेबलावर असतं, म्हणून ठामपणे सांगते. कोणतं मूल अकरावीत आहे, कोणतं नाही, हे शासनाला कळू शकतं. आयटीआय आणि पॉलिटेक्निकची यादीही सरकारकडेच आहे. मग अडीच लाखांच्या आतलं उत्पन्न आणि मूल सोळा ते अठराचं, अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक कुठेही शिकत असेल, तर त्या आईच्या खात्यात दर महिन्याला रक्कम का जाऊ नये? जात न विचारता, टक्के न विचारता. मुलगा-मुलगी न बघता. दर महिन्याला, म्हणजे खरंच दर महिन्याला, दोन वर्षांनी एकदम नाही.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. पण आपण त्याची दुसरी बाजू बघत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवायला २०१६ नंतरचा कायदाही मनाई करत नाही. म्हणजे बाजार त्याला सोळाव्या वर्षी विकत घ्यायला तयार आहे आणि सरकार अठराव्या वर्षापर्यंत थांबा म्हणतं. त्या मधल्या वर्षांत दुकानात, ढाब्यावर, हिंगण्याच्या एखाद्या छोट्या शेडमध्ये गेलेलं पोरगं नंतर आयटीआयला परत येत नाही. माझ्या पाहण्यात तरी फार कमी आले. राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०३० पर्यंत माध्यमिकपर्यंत शंभर टक्के मुलं शिकतील असं लिहिलंय. नुसत्या इमारती बांधून ते होणार नाही, घरातली रोजची मजुरी भरून काढावी लागेल.

त्या हमाल भाऊंना मी तेव्हा श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयचा फॉर्म भरायला लावला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात पाठवलं. पोरगा सध्या जातोय. किती दिवस जाईल सांगता येत नाही, कारण मालकाचा फोन अजून येतो.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आपल्या शहरातच असतं. तेव्हा देण्यासाठी मी एक निवेदन लिहायला घेतलंय, १६ ते १८ वयाच्या शिकणाऱ्या मुलांच्या आयांना दरमहा मदत, एवढी एकच मागणी. ज्यांची मुलं या वयाची आहेत, जे शाळा-कॉलेजात काम करतात, त्यांनी सही करावी अशी माझी विनंती आहे. कॉमेंटमध्ये फक्त ‘सही’ लिहा, मी संपर्क करते. आणि ज्यांनी अजून उत्पन्नाचा दाखला काढला नसेल त्यांनी या आठवड्यात काढून ठेवा, बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही बँकेत जाऊन बघून घ्या. यातलं काही अडलं तर शाळेच्या वेळेनंतर मला विचारा, कागद मी बघून देईन.