खांदा गुंडाळता येत नाही

विणकामाच्या नमुन्यावर ‘कोणत्याही बांध्याला शोभेल’ असं छापलेलं दिसलं की पान उलटावं. मला हे शहाणपण साडेतीन महिने आणि लोकरीच्या चौदा गुंड्या संपल्यावर आलं.

मी विणत होते ते रॅप कार्डिगन, म्हणजे पुढून उघडा, अंगाभोवती गुंडाळून बांधायचा स्वेटर. त्याला बटणं नाहीत, चेन नाही. पुढचे दोन पदर एकावर एक घ्यायचे, आतल्या पदराची नाडी बगलेखालच्या शिवणीतल्या फटीतून बाहेर काढायची, पाठीवरून फिरवायची आणि पुढे आणून दुसऱ्या नाडीशी गाठ मारायची. माझा हिशेब सरळ होता. वजन वाढलं तर पदर कमी गुंडाळू, उतरलं (हे आपलं बोलायचं म्हणून) तर जास्त गुंडाळू. माप चुकायला जागाच कुठे होती?

जागा होती, पहिल्याच पानावर. चार मिलिमीटरच्या सुयांवर 10 सेंटिमीटरला 22 टाके यायला हवेत, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. मी टाके मोजून बघायला एक छोटा चौकोन विणला, पट्टी ठेवली, तर 20. पट्टी जरा तिरकी धरली तर साडेवीस. माझा हात सैल पडतो हे मला माहीत आहे, एका नंबराने बारीक सुया घ्यायच्या एवढाच उपाय होता. पण त्या सुया दुसऱ्या एका अर्धवट स्वेटरात अडकलेल्या होत्या, आणि दोन टाक्यांनी असं काय होतंय? होतं असं की पाठीचे 106 टाके 48 सेंटिमीटरऐवजी 53 भरतात. ह्या कपड्याला ज्याचं नाव आहे तो अर्ल ऑफ कार्डिगन 1854 साली बालाक्लाव्हाच्या लढाईत, गैरसमजातून आलेल्या हुकुमावरून, घोडदळ घेऊन थेट तोफांच्या तोंडी गेला होता. मीही 106 टाके घालून निघाले.

पूर्ण झालं त्या दिवशी आधी मीच घातलं. म्हणजे घालायला लागले. फट पाठीकडे, नाडी पोटाशी, आणि दोन्ही हात आधीच बाह्यांत. तीन वेळा प्रयत्न केल्यावर नाडी आत गेली. परकराची नाडी आत गेली तर सेफ्टी पिन लावून ओढून काढता येते. इथे नाडी आणि मी दोघीही आत होतो.

शेवटी गाठ बसली ती बरगड्यांवर. माझं धड लांब, नमुन्यातली कंबर माझ्या कंबरेच्या चार बोटं वर. छाती बेताची, त्यामुळे पदर उदंड उरला. पोटावर तीन थर आणि गळ्याशी खिडकी. तिरप्या विणीची कड अशी ओढली जातेच. कडेने टाके उचलताना थोडे कमी उचलून पट्टी विणली असती तर ती आवळली असती. मी मोजून सगळे उचलले होते. कधी नव्हे तो प्रामाणिकपणा नेमका तिथे सुचला.

“मला दे बघू,” ताई म्हणाली. ताईला वरून भरपूर लागतं. तिच्या अंगावर पुढचे पदर वर चढले आणि मागचा भाग खाली राहिला. बाजूने पाहिलं तर कार्डिगन पुढे निघालंय आणि पाठ अजून घरीच आहे, असं दिसत होतं. अशा बांध्याला पुढच्या भागाला रुंदी तर हवीच, पण लांबीही जास्त हवी. छातीपाशी मधूनच परत फिरणाऱ्या अर्धवट ओळी घालाव्या लागतात. “नाडी आखूड झालीय तुझी,” एवढंच तिचं निदान. मी निमूटपणे नाडी एक वीत वाढवली.

मग जाऊबाई. वरचा अर्धा भाग अगदी मापात, गाठही योग्य जागी. मी खूश होणार तेवढ्यात त्या चालायला लागल्या. गाठीखाली दोन्ही पदर तंबूच्या दारासारखे उघडले. कंबरेखाली टाके वाढवायला हवे होते. त्या म्हणाल्या, “माझंच काहीतरी करायला हवं गं.” साडेतीन महिन्यांत हे एकच वाक्य मला मनापासून लागलं. चुकले माझे टाके आणि ओशाळलं त्यांचं अंग! नमुन्यांच्या पुस्तकांत बायकांचे बांधे फळांवरून सांगतात, सफरचंद, पेअर वगैरे. आमच्या घरातली एकही अख्खी कुठल्या फळात बसत नाही. वरून एक, खालून दुसरं.

आईचं पोट गोल. नाडीचा स्वभाव असा की ती अंगावरची सगळ्यात बारीक जागा शोधत सरकते. आईने दोनदा खाली ओढली, दोनदा ती वर आली. “तिथेच जायचंय ना तुला? जा,” म्हणत तिने छातीच्या लगेच खाली गाठ मारली आणि खालचा घेर मोकळा सोडला. खरं सांगते, सगळ्यांत देखणं तिच्यावर दिसलं. फक्त त्या गाठीला नाडी अजून एक वीत कमी पडत होती. तीही विणली.

आणि मग आईने हात पुढे केले. बोटं नव्हती. बाह्यांची शिवण दोन बोटं दंडावर उतरलेली, बाही नखांपर्यंत. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हीच तक्रार चौघींची आहे. घेर काय, इकडचा पदर तिकडे घेतला की जमतो. खांदा काही गुंडाळता येत नाही. ते पाच सेंटिमीटर प्रत्येकीच्या खांद्यावरून घरंगळत होते.

“उसव,” आई म्हणाली. तिने लहानपणी माझे अक्षरगिरवणीचे कागदही ह्याच आवाजात परत दिले होते.

मी बारीक सुया त्या अर्धवट स्वेटरातून मोकळ्या केल्या, कार्डिगन मांडीवर घेतलं आणि बाहीच्या शिवणीचा दोरा शोधायला लागले. ताई शेजारी येऊन बसली. मला वाटलं, लोकर गुंडाळायला हात लावेल.

“नाडी मात्र उसवू नकोस हं,” ती म्हणाली. “ती मला छान बसते.”