गळतीचा पत्ता

आमच्या मोटरहोमचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, छप्पर गळतं, ही बातमी मला रात्री अडीच वाजता मिळाली. थेट डाव्या कानात.

"अहो, पाऊस पडतोय का?" बायकोने झोपेतच विचारलं.

"पडतोय."

"मग तुम्ही का उठून बसलात?"

"आत पडतोय."

तिने भिंतीकडे कूस बदलली. "माझ्या बाजूला आला की उठवा."

गाडी २८ वर्षांची. विकताना आधीचे मालक छातीठोकपणे म्हणाले होते, "छताला हात लावायची गरजच नाही." सकाळी शिडी लावून वर गेलो तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. हात लावला की तो आत जात होता. पलंगाच्या वरच्या भागात प्लायवूड इतकं मऊ पडलं होतं, की मी गुडघे टेकून, फळीवर वजन पसरवत, पोटावर सरपटत हिंडलो. खालून मुलगी मोबाइलवर चित्रीकरण करत होती. ते अजून कोणाकोणाला गेलंय, मी विचारलेलं नाही.

आता हे छप्पर म्हणजे काय, तर खाली लाकडी पट्ट्या, त्यावर प्लायवूड आणि त्यावर ईपीडीएम नावाच्या रबराचा पातळ थर. रबर बिचारं वर्षानुवर्षं पाणी अडवतं. फक्त म्हातारपणी त्याची भुकटी सुटते आणि पावसाबरोबर गाडीच्या अंगावर पांढरे ओघळ येतात. पण गळतीचं पाप त्याचं नव्हे. छप्पर एकदा अखंड तयार झालं, की कारखान्यातले लोक करवत घेऊन वर चढतात. १४ इंचांचे चौकोनी झरोके पाडतात, एसीसाठी भोक, सांडपाण्याच्या टाकीच्या हवेचा नळ बाहेर काढायला भोक, अँटेनाला भोक, शिडीचे पाय बसवायला आणखी चार भोकं. मग प्रत्येक भोकाभोवती सीलंटची, म्हणजे फटी बुजवायच्या चिकट लेपाची, वेटोळी घालतात आणि गाडी खड्ड्यांतून हाकायला आपल्या हाती देतात. घर असं धावत-हादरत राहिलं, तर कुठले सांधे टिकतील?

आमचं छप्पर साधारण १८ चौरस मीटर आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, म्हणजे १० मिलिमीटरची बरी सर आली की डोक्यावर १८० लिटर. त्यातलं माझ्या कानात आलं ते चमचाभर. हा हिशेब मी बायकोला समजावून सांगितला. ती म्हणाली, "मग तक्रार कसली करताय?"

माझा पहिला उपाय सरळ होता. थेंब पलंगावर पडतो, पलंगाच्या वर झरोका आहे, म्हणजे चोर झरोकाच. शेजारी गाडी लावलेल्या काकांनी न मागता एक नळी आणून हातात दिली. "सिलिकॉन मारा. विषय संपला." मी झरोक्याभोवती असं लिंपलं, की तो पुन्हा उघडेल की नाही अशी शंका यावी. पुढच्या पावसात आधी एक थेंब पडत होता तिथे दोन पडू लागले. रोग रेड्याला, औषध पखालीला. त्यात इथे पखालच गळत होती.

सिलिकॉनची गंमत अशी, की ते धड सुटत नाही आणि त्याच्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. नवं सिलिकॉनसुद्धा जुन्या सिलिकॉनवर धरत नाही, आपल्याच नात्यातलं असून. माझा सगळा लेप दोन दिवसांत, उन्हाने भाजलेल्या पाठीची सालं निघावीत तसा निघून आला. त्याच्याखाली आधीच्या मालकांचं सिलिकॉन, त्याखाली डांबरासारखं काहीतरी काळं, त्याखाली चंदेरी चिकटपट्टी, तिच्याखाली पुन्हा सिलिकॉन. त्या छपरावर तीन पिढ्यांचा आत्मविश्वास थरांनी बसला होता. प्लास्टिकची पटाशी घेऊन तो खरवडायला मला चार दिवस लागले. धातूची पटाशी वापरली तर रबर फाटतं, हे मला पहिल्या पाच मिनिटांत समजलं. पेट्रोलने पुसलं तर रबर फुगतं, हे सुदैवाने करून पाहण्याआधी वाचनात आलं. काकांचा सल्ला मात्र पेट्रोलचाच होता.

खरा पत्ता लागला तो साबणाच्या फेसामुळे. दारं-खिडक्यांच्या फटी आतून चिकटपट्टीने बंद केल्या आणि दुसऱ्या एका झरोक्यात ब्लोअर बसवून गाडीत हलकेच हवा भरली. वरून साबणाचं पाणी शिंपडायचं. जिथून आतली हवा बाहेर येते तिथे बुडबुडे, आणि हवा जिथून बाहेर येते तिथूनच पाणी आत जातं. मी संशयित झरोक्यापाशी दबा धरून बसलो. काही नाही. एवढ्यात खालून मुलगी ओरडली, "बाबा, तिकडे पुढे बघा!"

पलंगापासून चांगली चार पावलं पुढे, केव्हाच काढून टाकलेल्या अँटेनाच्या जागी, एका स्क्रूच्या भोकातून बुडबुडे निघत होते. एकामागून एक, निवांत, गोल. पाणी तिथून आत शिरायचं, अँटेनाची जुनी वायर धरून लाकडी पट्टीच्या कडेने चालत यायचं आणि वायर जिथे खाली वळते तिथे, म्हणजे माझ्या उशीवर, उतरायचं. येताना वाटेतलं सगळं प्लायवूड कुजवत.

तिथला स्क्रू मी बोटांनी फिरवला. तो गोल गोल फिरत राहिला, वर येईना, खाली जाईना. चिमटीत धरून ओढला तर कुजलेल्या लाकडाच्या चिंध्या घेऊनच आला. प्लायवूडचा तो तुकडा कापून काढला, तेव्हा भिजलेल्या वर्तमानपत्राच्या रद्दीसारखे थर सुटले. आतलं सगळं पंख्याने वाळवण्यात आठवडा गेला. मग नवं प्लाय, नव्या रबराचं ठिगळ, झरोक्याच्या चौकटीखाली ब्यूटाइल नावाच्या चिकट रबराची राखाडी पट्टी. स्क्रू आवळले की ती कडेने च्युइंगगमसारखी बाहेर येते, तेव्हा जे समाधान मिळतं ते सांगता येणार नाही. वरून आपणहून पसरून सपाट होणारं सीलंट. ते आडव्या जागीच लावायचं असतं. उत्साहाच्या भरात मी पुढच्या उभ्या कडेलाही लावलं, आणि ते आपणहून पसरत काचेपर्यंत पोचलं. वायपर आता जागचा हलत नाही.

तीन आठवड्यांनी मोठा पाऊस आला. आम्ही तिघं अंधारात टॉर्च घेऊन छताकडे बघत बसलो. एक तास, दोन तास. कोरडं ठणठणीत. मी शांतपणे झोपलो.

पहाटे कानात थेंब पडला.

धडपडत उठलो. झरोक्याच्या प्लास्टिकच्या झाकणावर आतून दवासारखे थेंब जमले होते. तिघांचे रात्रभराचे श्वास, थंड झाकण, आणि बाहेर जायला कुठेही फट नाही. एवढं बंदिस्त काम माझ्या हातून आयुष्यात दुसरं झालेलं नाही.

"गळतंय?" बायकोने विचारलं.

"नाही. आपलेच श्वास आहेत. झरोका जरा उघडा ठेवावा लागेल."

ती उठून बसली. "म्हणजे तीन आठवडे खपून जे बंद केलंत, ते आता उघडायचं?"

मी काही न बोलता झरोक्याचा दांडा फिरवू लागलो. चौथ्या फेऱ्याला नाकावर एक थेंब पडला. चांगला गार होता, म्हणजे बाहेरचाच.